कोर्टात स्क्रीन लावताय? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न : ॲक्सिडेंट क्लेममध्ये चौकातल्या सीसीटीव्हीची क्लिप आहे. स्लो मोशन करून, लाल बाण टाकून शिवाजीनगर कोर्टात दाखवली तर चालेल का? – ज्युनिअर वकील, सदाशिव पेठ

आधी ओरिजनल क्लिप पूर्ण दाखवा, आहे त्या स्पीडने, वर काहीही न टाकता. बाण टाकलेली कॉपी हा तुमचा युक्तिवाद झाला, तो पुरावा नाही, आणि हे जज साहेबांना आपणहून सांगायचं. स्लो मोशनचं तर मला खरंच टेन्शन येतं. ताशी ४० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण ११ मीटर जाते, तीच क्लिप चारपट हळू केली की बघणाऱ्याला वाटतं ड्रायव्हरकडे ब्रेक मारायला भरपूर वेळ होता, पण त्या माणसाकडे तो एकच सेकंद होता हो! म्हणून हळू दाखवताना कोपऱ्यात ‘मूळ वेगाच्या पाव’ असं ठळक लिहा, नाहीतर उलटतपासात समोरचा वकील हेच धरेल आणि त्याने धरायलाच हवं.

प्रश्न : मारहाणीचा व्हिडिओ भावाने मोबाईलवर काढला, मला व्हॉट्सॲपवर पाठवला. पेनड्राईव्हमध्ये दिला तर पुरेल? – वाचक, हडपसर

नाही पुरणार. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ दाबून लहान होतो, म्हणजे तुमच्याकडची फाईल मूळ फाईल राहिलीच नाही. भावाचा मोबाईल जपून ठेवा, मूळ व्हिडिओ डिलीट करू देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्यात जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ ब च्या जागी कलम ६३ आलंय. कॉपी द्यायची तर त्याखालचं सर्टिफिकेट लागतं, अ भाग पक्षकाराने भरायचा, ब भाग एक्सपर्टने, आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा अंगठाच म्हणा, एक फ्रेम जरी बदलली तरी तो बदलतो. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक केसमध्ये २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कॉपीला सर्टिफिकेट हवंच, पण मोबाईलचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ मोबाईलच हजर करत असेल तर त्याची गरज नाही. तो निकाल जुन्या ६५ ब वरचा आहे, तरी भावाला साक्षीला तयार ठेवाच.

प्रश्न : मुळशीत बांधाचा वाद आहे, गूगल मॅपवर रेघ मारून दाखवू का?

जागा कुठे, रस्ता कुठून येतो हे समजवायला सॅटेलाईट फोटो उत्तम. पण हद्दीसाठी मोजणी नकाशाची क प्रतच (सरकारी मोजणीनंतर अर्जदाराला मिळते ती) स्क्रीनवर घ्या, आणि ती मोजणीच मान्य नसेल तर कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाच्या वतीने जागेवर जाऊन पाहणारा माणूस, नेमायचा अर्ज करा. स्क्रीनवरची रेघ तुम्ही मारलेली असते ना, ती सिद्ध कोण करणार?

प्रश्न : टीव्ही, केबल कोर्टात मिळते का?

धरून चालू नका. आधी अर्ज देऊन परवानगी घ्या आणि आदल्या दिवशी त्याच कोर्ट हॉलमध्ये क्लिप चालवून बघा. डीव्हीआरच्या, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याच्या, फाईलला बऱ्याचदा त्या कंपनीचाच प्लेअर लागतो, माझ्या एका केसमध्ये तो नव्हता आणि पुढची तारीख पडली, त्या तारखेला गावाहून आलेल्या म्हातारीला परत यावं लागलं. प्रत्येक स्लाईडवर निशाणी नंबर, म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर, टाका, स्लाईडच्या प्रिंटचा एक सेट जज साहेबांना, एक समोरच्यांना.