ओंटारियोत ट्रक चालवायला येतोयस, तर आधी ब्रेक मोजायला शीक

सांगलीत इतकी वर्षं हेवी चालवलीस, आता कॅनडातल्या ओंटारियोला निघालायस आणि विचारतोस, रस्त्यावरची तपासणी खरंच एवढी कडक असते का? असते. लायसन्स आणि 103.5 तासांच्या सक्तीच्या ट्रेनिंगचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

पूर्ण तपासणीचे 37 टप्पे असतात आणि अधिकारी गाडीखाली शिरतो, मुख्यतः ब्रेकसाठी. पाच ॲक्सलच्या गाडीला दहा ब्रेक. त्यातले 20 टक्के, म्हणजे दोनच, खराब निघाले की गाडी ‘आउट ऑफ सर्व्हिस’. दुरुस्त होईपर्यंत जागची हलवायची नाही.

म्हणून ब्रेक स्वतः मोज. चाकांखाली ठोकळे लाव, पार्किंग ब्रेक सोड, ब्रेकच्या टाकीतला हवेचा दाब 90 ते 100 पीएसआय ठेवून इंजिन बंद कर. पुशरॉडवर, म्हणजे ब्रेकच्या हवेच्या डब्यातून (चेंबरमधून) बाहेर येणाऱ्या दांड्यावर, चेंबरच्या तोंडाशी खडूने खूण कर, कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांग आणि खूण किती सरकली ते बघ. साध्या टाइप 30 मापाच्या चेंबरला 2 इंचांपर्यंत चालतं, लाँग स्ट्रोकला (ज्याचा दांडा जास्त सरकतो त्याला) अडीच. जास्त भरलं तर पाना घेऊन ॲडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढिलाई काढणारा भाग, पिळत बसू नकोस. तो आपोआप जुळणारा असतो. तरीही सैल पडतोय म्हणजे ब्रेकच्या जोडणीतलं काहीतरी, क्लेव्हिस पिन, बुश नाहीतर एस-कॅम, झिजलंय. पिळून घेतलेला ब्रेक पुन्हा सैल होतोच.

हवेचा पाइप घासून आतली जाळी दिसतेय का तेही बघ. ट्रेलरचा मागचा एक इंडिकेटर बंद असला तरी गाडी थांबवतात.

रोजच्या तपासणीचा कागद 24 तास चालतो आणि त्यावर सही तुझी असते. मालक म्हणेल, “चल रे, पुढच्या यार्डात बघू.” तुझं वर्क परमिट त्याच्याच नावाशी बांधलेलं असेल तर ‘नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. हे शहाणपणाने नाही, शरमेने लिहितोय. परदेशात येऊन कणा ताठ होतो हा आपला गैरसमज.

तासांचं गणित: दिवसाला 13 तास ड्रायव्हिंग, एकूण काम 14. ओलांडलेस तर 10 तास चालवणं बंद. लॉगमध्ये, म्हणजे या तासांच्या नोंदीत, काही खोटं सापडलं तर थेट 72. ईएलडी, म्हणजे हे तास आपोआप नोंदवणारं यंत्र, बिघडलं तर 14 दिवसांपर्यंत कागदी लॉग चालतो, म्हणून कोरे तक्ते आणि ईएलडीची माहितीपुस्तिका केबिनमध्ये ठेव. सीमा ओलांडून अमेरिकेत जाणार असशील तर इंग्रजी घासून घे: 25 जून 2025 पासून अधिकाऱ्याशी नीट बोलता आलं नाही तरी तिथे ‘आउट ऑफ सर्व्हिस’ लागतं.

एकटेपणाचंही विचारलंयस. तो असतो, सवय होते. पगार मात्र बहुतेक ठिकाणी मैलावर असतो. उभ्या गाडीचे ते 72 तास म्हणजे शून्य डॉलर, आणि घरचा फोन आला की “गाडी चालू आहे” असं सांगणं.