आज रात्री मोबाईल मागू नका

पत्र : ताई, माझा मुलगा २६ वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला. अंबाबाईच्या कृपेने वाचला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, समुपदेशक बाईंनी तीन बैठका घेतल्या आणि मोबाईलमध्ये कसलंसं ॲप घालून दिलं. झाला उपचार! त्यात एक यादी आहे, मी पाहिली. जीव घाबरला की गंगावेशीत जाऊन दूध पी, तालमीतल्या मित्राला फोन कर, इचलकरंजीच्या मावशीला फोन कर. आईचं नाव कुठेच नाही. मोबाईलनेच पोरांची डोकी फिरतात असं आमच्या ह्यांचंही मत आहे. म्हणून पंधरा दिवस झाले, रात्री दहाला मोबाईल मी माझ्या उशाखाली घेते. तोही मुकाट देतो. तीन बैठकांत माणूस बरा होतो का? लग्न लावून दिलं तर मार्गी लागेल का?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ‘तोही मुकाट देतो’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि मी तिथेच अडले. सव्वीस वर्षांचा, हाताखाली माणसं असलेला पोरगा रोज रात्री आईच्या हातात मोबाईल ठेवतो आणि चकार शब्द काढत नाही. तो भांडला असता, दार आपटून गेला असता, तर मला बरं वाटलं असतं. तुम्हाला तो शहाण्यासारखा वागतोय असं वाटतं. मला त्याने हात टेकलेले दिसतात.

मोबाईलबरोबर ती यादीही तुमच्या उशाखाली जाते, ताई. आणि ती अशाच रात्रींसाठी केलेली आहे. मरणाचा विचार सतत एकाच जोराने येत नाही. तो उसळतो, काही मिनिटं, कधी काही तास माणसाला घेरतो आणि ओसरतो. घेरलेलं असताना डोकं चालत नाही, मदत मागावी हेही सुचत नाही. म्हणून शांत असतानाच सगळं क्रमाने लिहून ठेवायचं असतं. आपलं बिनसायला लागलंय हे कशावरून ओळखायचं, आधी एकट्याने काय करायचं, मग कुठे चार माणसांत जायचं, मग कुणाशी बोलायचं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर डॉक्टर कोण.

गंगावेशीतल्या दुधाला तुम्ही हसलात. कट्ट्यावर म्हैस उभी असते, डोळ्यांदेखत धार काढतात, फेसाळ पेला हातात येतो, आजूबाजूला पाच-दहा जण ऊस आणि कुस्तीच्या गप्पा मारत असतात. तेवढा वेळ माणूस एकटा नसतो. ही जागा बाईंनी पुस्तकातून काढलेली नसणार. त्याने सांगितली, त्यांनी लिहून घेतली.

तीन बैठकांना नाक मुरडू नका. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या डॉक्टरांनी ‘असिप’ नावाची अशीच तीन बैठकांची पद्धत बसवली आहे. पहिल्या बैठकीत माणूस आपली हकिकत सांगतो, तिचं चित्रीकरण होतं. दुसऱ्या बैठकीत दोघं मिळून ते बघतात. तिसऱ्या बैठकीत धोक्याच्या खुणा आणि पुढची पावलं कागदावर येतात. मग दोन वर्षं अधूनमधून पत्रं जातात. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष छापले. एकूण १२० जण, नेहमीचे उपचार सगळ्यांनाच, ह्या बैठका निम्म्यांना. दोन वर्षांत बैठका झालेल्यांत पुन्हा ५ प्रयत्न नोंदले गेले, उरलेल्यांत ४१. गट लहान होता, त्यावरून कुणी शपथ घेऊ नये. पण बैठका संपल्या म्हणून माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, हे त्यांनी नेमकं ओळखलं. तिकडे पत्र जातं, तुमच्या घरी ते ॲप आहे. होतं म्हणू या, पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत.

यादी कधी पाहिलीत ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज, पंधरा दिवसांपूर्वीच. आपलं नाव नाही हे जिव्हारी लागलं आणि मोबाईलच्या नादाचं निमित्त मिळालं. रागावू नका, पण अशा यादीत आई नसणं काही नवलाचं नाही. जिचा चेहरा उतरलेला बघवणार नाही, तिला मध्यरात्री उठवून ‘मला जगावंसं वाटत नाही’ कसं म्हणायचं? मावशीला म्हणता येतं. मावशी आहे हे नशीब समजा.

तर आज रात्री दहाला मोबाईल मागू नका. आजच, उद्यापासून नको. चार्जर त्याच्या अंथरुणाशी लावून द्या आणि सांगा, ‘तुला न विचारता तुझी यादी वाचली, चुकलं माझं.’ पुढे भाषण नको. कुलूपच लावायचं असेल तर घरातल्या गोळ्यांना लावा, ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांसकट. किल्ली तुमच्याकडे ठेवा आणि त्याला रोजच्या रोज लागतील तेवढ्याच काढून द्या. त्याच्या यादीत १४४१६ हा नंबर आहे का, तेही विचारा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. तुमच्याही मोबाईलमध्ये घाला, तुम्हालाही बोलायची गरज आहे. आणि कधी वेळ आलीच तर सरळ सीपीआर ह्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलिसांच्या धास्तीने घरी बसू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायला सांगितलंय.

राहिलं लग्न. तो विषय सध्या बंद. कुणाची पोरगी म्हणजे गोळी नव्हे, रात्री झोपताना द्यायला. आलेले बायोडाटा परत पाठवा.