नवऱ्याने बहिणीला दुबईत मारहाण केली; दोघेही भारतीय असताना इथे गुन्हा नोंदवता येत नाही, हे खरे आहे का?

तुमच्या प्रश्नावरून समजते ते असे : बहीण लग्नानंतर नवऱ्यासोबत दुबईला गेली, तिथे त्याने तिला वारंवार मारहाण केली, ती अजून तिथेच आहे, आणि तुम्ही साताऱ्यात फिर्याद द्यायला गेलात तेव्हा ‘घटना तिकडची आहे, हद्द आमची नाही’ असे सांगून तुम्हाला परत पाठवले. मी फौजदारी वकिली करतो आणि हे उत्तर ऐकून घरी परतलेली कुटुंबे मला वरचेवर भेटतात, म्हणून आधीच स्पष्ट लिहितो की कायद्याप्रमाणे हे उत्तर चुकीचे आहे.

फौजदारी कायद्याचा अंमल सहसा देशाच्या सीमेपुरता असतो, ही समजूत बऱ्याच अंशी बरोबर आहे. परंतु आपल्या कायद्याने भूमीबरोबर नागरिकत्वाचा धागाही पहिल्यापासून धरून ठेवला आहे. जुन्या भारतीय दंडसंहितेचे कलम ४ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १(५) हेच सांगते की भारताचा नागरिक जगात कुठेही असला तरी त्याने केलेले जे कृत्य भारतात घडले असते तर शिक्षापात्र ठरले असते, ते परदेशात केले म्हणून त्याची सुटका होत नाही. भारतात नोंदणी झालेले जहाज किंवा विमान याच तरतुदीत येते, तिथे तर गुन्हेगार कोणत्याही देशाचा असो. आणि तिच्यात भारतातील संगणकप्रणालीवर बाहेरून केलेल्या गुन्ह्यांचाही समावेश आहे. तुमच्या बाबतीत मात्र नागरिकत्वाचा मुद्दा पुरेसा आहे. पत्नीचा छळ हा न्याय संहितेच्या कलम ८५ खालचा गुन्हा आहे (मारहाण जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुने कलम ४९८-अ), आणि तो दुबईतल्या घरात घडला तरी गुन्हाच राहतो.

आता प्रश्न उरतो हद्दीचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १८८ प्रमाणे अशा गुन्ह्याचा खटला आरोपी भारतात जिथे सापडेल तिथे चालवता येत असे, आणि आरोपी परतलाच नसेल तर या शब्दांवरून बराच घोळ होई. त्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ मध्ये ‘किंवा जिथे गुन्हा नोंदवला गेला आहे’ अशी भर घातली गेली आहे. माझ्या मते तुमच्यासारख्या कुटुंबांच्या दृष्टीने ही भर मोलाची आहे, कारण नवरा दुबईत बसून आहे एवढ्यावरून आता कोणी सातारा नाकारू शकत नाही. शिवाय त्याच संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्याने घेतलीच पाहिजे.

नकार देणारे अधिकारी ज्या अटीकडे बोट दाखवतात ती अशी की संपूर्णपणे परदेशात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी किंवा खटला केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय चालवता येत नाही. ही अट खरी आहे. ती कोणत्या टप्प्यावर लागते, एवढेच विसरले जाते. थोटा वेंकटेश्वरलू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २०११ च्या निकालातली हकीकत तुमच्या बहिणीच्या हकिकतीशी फार जुळती आहे. तिथली पत्नी नवऱ्यासोबत आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात गेली होती, छळ तिथे झाला आणि तिने तक्रार थेट गुंटूरच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवली. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की गुन्हा नोंदवणे, तपास करणे, एवढेच नव्हे तर दंडाधिकाऱ्याने दखल घेणे (म्हणजे प्रकरण न्यायालयाने विचारात घेणे), यांपैकी कशासाठीही मंजुरी लागत नाही. ती लागते त्यापुढे खटला चालवताना. कलमाच्या शब्दांत ‘चौकशी’ आहे ती न्यायालयाने करायची चौकशी. पोलिसांचा तपास त्याहून वेगळा.

त्याच निकालातला दुसरा भाग मी प्रत्येक कुटुंबाला नीट समजावून सांगतो. त्या पत्नीकडून हुंडा भारतात घेतला गेल्याचा आरोप होता, म्हणून हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या आरोपांसाठी मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही, असे न्यायालय म्हणाले. तेव्हा लग्नात काय मागितले गेले, नंतर सासूसासऱ्यांनी साताऱ्यातून फोन करून किंवा तुमच्या घरी येऊन काय मागितले, हे सगळे तारीखवार फिर्यादीत लिहा. गुन्ह्याचा एखादा भाग भारतात घडलेला असेल तर मंजुरीची अट लागत नाही, हे सरताज खान विरुद्ध उत्तराखंड राज्य या २०२२ च्या निकालातही सांगितले आहे. याची उलट बाजू आपल्या मुंबईच्या एका जुन्या खटल्यात दिसते. कराचीत बसलेल्या व्यापाऱ्याने फोन आणि तारांवरून तांदळाचे खोटे आश्वासन देऊन मुंबईत पैसे उकळले होते. तो पाकिस्तानी नागरिक होता आणि त्या काळात मुंबईत त्याने पाऊलही ठेवले नव्हते, तरी फसवणूक मुंबईतच घडली असे मुबारक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ठरवले.

फिर्याद तुम्ही स्वतः देऊ शकता. छळाच्या गुन्ह्याची खबर पीडितेने किंवा तिच्या रक्ताच्या नातेवाइकाने दिली तर तो दखलपात्र ठरतो, त्यामुळे ‘तिलाच आणा’ हे उत्तर मान्य करू नका. तिने ईमेलने तक्रार पाठवली तर तीन दिवसांत त्यावर तिची सही लागते, आणि ती दुबईत असताना ते अवघड आहे. म्हणून खबर तुमची आणि सोबत तिचे निवेदन, असा मार्ग मला जास्त सुरक्षित वाटतो. या गुन्ह्यासाठी पोलीस, उपअधीक्षकांच्या परवानगीने, आधी चौदा दिवसांपर्यंतची प्राथमिक चौकशी करू शकतात, तेवढा वेळ गृहीत धरा. खबर घेतलीच नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा, आणि तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

बहिणीला सांगायचे ते याहून तातडीचे आहे. जखमांवर उपचार घेऊन तिथल्या रुग्णालयाचे कागद घ्यावेत, तिथल्या पोलिसांकडे तक्रार केली असेल तर तिची प्रत घ्यावी, आणि दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. परदेशातल्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर किंवा भारताच्या वाणिज्यदूतासमोर दिलेली साक्ष आणि हजर केलेली कागदपत्रे केंद्र सरकारच्या निर्देशाने इथल्या न्यायालयात पुरावा म्हणून घेता येतात, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०९ मध्ये आहे. पुराव्याअभावी अशी प्रकरणे ढासळताना मी पाहिली आहेत, कायद्याअभावी नव्हे.

एक गोष्ट मात्र लगेच तपासून कळवा : मारहाण झाली त्या दिवशी नवऱ्याकडे कोणत्या देशाचे पारपत्र होते? त्याने आधीच दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) असूनही तो भारताचा नागरिक ठरत नाही, आणि मग दुबईतल्या मारहाणीसाठी कलम १(५) मधल्या नागरिकत्वाच्या तरतुदीचा आधार घेता येणार नाही. तसे असेल तर हुंड्याच्या आणि साताऱ्यातून आलेल्या मागण्यांवरच फिर्याद उभी करावी लागेल.