सोलचे सालदार

वाचकांचे कोरियन पॉप संगीताविषयीचे (के-पॉप) प्रश्न आणि दक्षिण कोरियाची राजधानी सोलमधील एका संगीत कंपनीत सहा वर्षे दुभाषी म्हणून काम करून वर्धा जिल्ह्यातील आपल्या गावी परतलेल्या आमच्या सदरलेखिकेची उत्तरे.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. कोरियात जाऊन ‘ट्रेनी’, म्हणजे गायन-नृत्य गटात येण्यासाठी कंपनीकडे तालीम घेणारी उमेदवार, व्हायचे तिने मनावर घेतले आहे. निवड झाली की राहणे, जेवण, गाण्या-नाचाची शिकवणी सारे काही कंपनी फुकट करते, असे ती सांगते. मात्र निवडचाचणीसाठी एक मध्यस्थ चाळीस हजार रुपये मागतो आहे. काय करावे?
– एक कापूस उत्पादक, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, आधी मध्यस्थाचे पाहू. त्याला चहा पाजून वाटेला लावा. तिथल्या मोठ्या कंपन्या निवडचाचणीसाठी शुल्क घेत नाहीत आणि अर्जही त्या स्वतःच मागवतात.

आता त्या ‘फुकट’विषयी. पाडव्याला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, ठरतो, त्याला उचल मिळते आणि ती वर्षभर त्याच्या मजुरीतून वळती होते. सोलमध्ये हाच व्यवहार काचेच्या इमारतीत बसून होतो. नाचाच्या शिक्षकाचे मानधन, खोलीचे भाडे, जेवण अशा साऱ्या खर्चाची नोंद अनेक लहान कंपन्यांत ट्रेनीच्या नावावर पडत जाते. काही मोठ्या कंपन्या प्रशिक्षणाचा खर्च स्वतः सोसतात हे खरे. पण पदार्पणानंतर अल्बम आणि व्हिडिओवर झालेला खर्च वजा करून उरेल त्यातूनच कलाकाराला वाटा मिळतो, आणि उरेलच याची हमी कोणी देत नाही. एका परदेशी मुलीला तिचा हिशेब समजावून सांगण्याचे काम एकदा माझ्याकडे आले होते. चौदा पानांच्या त्या कागदात खोट्या पापण्या चिकटवण्याच्या डिंकाचीही नोंद होती, आणि तिला देय असलेल्या रकमेच्या रकान्यात शून्य होते. ‘ताई, हे बरोबर आहे का?’ असे तिने विचारले, म्हणून मी बेरीज दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती. आपल्याकडे व्यापारी ओलाव्याची कटती लावतो तेव्हा त्याचेही गणित कुठे चुकते? काटा त्याचा असतो, एवढेच.

सालदाराचे साल निदान पुढच्या पाडव्याला संपते. ‘टीव्हीएक्सक्यू’ या गाजलेल्या गटाचा एसएम एन्टरटेनमेंट या संगीत कंपनीशी झालेला करार १३ वर्षांचा होता. पाचांपैकी तिघांनी २००९ मध्ये कंपनीला न्यायालयात खेचले तेव्हा तो चव्हाट्यावर आला. त्याच वर्षी कोरियाच्या व्यापार आयोगाने नमुना करार आणून सात वर्षांची मर्यादा घातली. तेव्हापासून सातवे वर्ष जवळ आले की गट फुटू लागतात आणि चाहते त्याला ‘सात वर्षांचा शाप’ म्हणतात. शाप कसला, दावे सुटले की बैल आपल्या वाटेने जातो. पुढे ‘न्यूजीन्स’ गटातील हानी हिने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोरियाच्या संसदेच्या समितीपुढे कामाच्या जागी होणाऱ्या छळाविषयी साक्ष दिली, तर पुढच्याच महिन्यात तिथल्या कामगार मंत्रालयाने ती कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’च बसत नाही, असे कळवले. आपल्या सालदाराला मजूर म्हणायला तरी कोणी नाकारत नाही.

मुलीला नाच अवश्य शिकवा. वडशाच्या झाडीपट्टी रंगभूमीवर नटाला ठरलेले मानधन मिळते, त्यातून डिंकाचे पैसे कापल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

प्रश्न : मी साठवलेल्या पैशांतून एकाच गटाचा एकच अल्बम चार वेळा मागवला, तरी त्यातून मला हव्या त्या कलाकाराचे छायाचित्र-कार्ड निघाले नाही. आमच्या घरी सीडी लावायचे यंत्रसुद्धा नाही. मी मूर्ख आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वरोरा तालुका

उत्तर : अजिबात नाही, बाळ, तू तर आदर्श ग्राहक आहेस. सीडी हे त्या खोक्यातले मुरमुरे आहेत आणि कार्ड हे आतले खेळणे. कोणत्या खोक्यात कोणाचे कार्ड जाईल हे मुद्दामच सांगितले जात नाही. कलाकाराची पाच-दहा क्षणांची भेट मिळवून देणारी सोडतही अल्बमवरच चालते : जितकी खोकी, तितक्या चिठ्ठ्या. शिवाय पहिल्या आठवड्याच्या खपाला, ज्याला तिथे ‘छोदोंग’ म्हणतात, इतका मान आहे की चाहते तो आकडा फुगवण्यासाठी ढिगाने खरेदी करतात, कार्डे काढून घेतात आणि खोकी तशीच टाकून देतात. दोनदा आलेले कार्ड मैत्रिणीशी बदलून घे. पाचवा अल्बम मात्र मागवू नकोस.

प्रश्न : टीव्हीवरील स्पर्धेत प्रेक्षकांच्या मतांनी गट निवडतात, ते खरे असते का?
– एक शिक्षक, दारव्हा तालुका

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न गणिताचा आहे, म्हणून उत्तरही गणितातच देते. जुलै २०१९ मध्ये ‘प्रोड्यूस एक्स १०१’ या कोरियन टीव्ही स्पर्धेची अंतिम फेरी झाली. पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्धकाच्या मतांतील फरक २९,९७८ होता, तिसऱ्या-चौथ्यात २९,९७८, सहाव्या-सातव्यात पुन्हा २९,९७८. ही गंमत चाहत्यांनी घरबसल्या वजाबाकी करून शोधली आणि तक्रार केली. नोव्हेंबरमध्ये निर्माता आन जून-यंग याला अटक झाली, २०२० मध्ये त्याला दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि गडबड ‘प्रोड्यूस’ मालिकेच्या चारही पर्वांत झाल्याचे निष्पन्न झाले. हे उदाहरण पाचवीच्या वर्गात वजाबाकीसाठी खुशाल वापरा.