आईला पुन्हा गायला बसवताना

तुमचा प्रश्न काल रात्रीपासून डोक्यात घोळतोय. आई ७४ वर्षांच्या, वडील जाऊन दीड वर्ष झालं. पूर्वी नेमानं भजनाला जायच्या, आता "मला नाही जमत" म्हणून दिवसभर टीव्हीसमोर असतात, माणसांची नावंही विसरायला लागल्यात. गाणं किंवा चित्रकला सुरू केली तर तब्येतीत खरंच फरक पडतो का, आणि घरबसल्या ऑनलाइन क्लास लावला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालो. गेली अकरा वर्षं आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या गटात दर बुधवारी पेटी घेऊन बसतो. उत्तर जरा लांबेल, पण आईंचा प्रश्न आहे म्हणून सगळं लिहितो.

फरक पडतो. मात्र कशात पडतो हे आधी समजून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी "आईची विसराळूपणाची सवय काही गेली नाही" म्हणून तुम्ही तिचं जाणं थांबवाल, आणि ज्या गोष्टीत तिला खरोखर बरं वाटत होतं तीही जाईल.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये या विषयावर एक चांगला अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रं आणि साठीच्या पुढचे ३९० जण. निम्म्या केंद्रांत समूहगायन लगेच सुरू केलं, उरलेल्यांना सहा महिने थांबवलं आणि दोघांची तुलना केली. गाणाऱ्यांचा एकटेपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्ती आणि पायांतली ताकद मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली. मला हा अभ्यास आवडतो, कारण बुधवारी मला जे दिसतं तेच त्यात आहे. आमच्याकडे येऊन कुणाची हरवलेली नावं परत आलेली मी पाहिली नाहीत. पण जेवण सोडलेल्या, झोप उडालेल्या, "आता कशासाठी जगायचं" म्हणणाऱ्या बायका तीन-चार महिन्यांत साडीला इस्त्री करून वेळेच्या आधी येऊन बसलेल्या पाहिल्यात.

व्हॉट्सअॅपवर फिरतो तो "कलेमुळे आयुष्य वाढतं" हा मजकूर बहुतेक इंग्लंडमधल्या एका अभ्यासावरून आलाय. पन्नाशीच्या पुढच्या ६,७१० लोकांकडे तिथे १४ वर्षं लक्ष ठेवलं होतं. जे दर काही महिन्यांनी नाटक, मैफल, संग्रहालय असं काही बघायला जात, त्यांच्यात त्या काळात मृत्यूची शक्यता ३१ टक्क्यांनी कमी आढळली. पैसा, शिक्षण, आजारपण यांचा हिशेब केल्यावरही बराच फरक उरला. तरीही नाटकामुळेच माणूस जास्त जगला असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ज्याचे गुडघे शाबूत आणि ज्याला सोबत आहे, तोच नाट्यगृहापर्यंत जातो, हेही आहेच. म्हणून मी आयुष्य वाढण्याचं आश्वासन कुणालाच देत नाही. आहे तो दिवस कसा जातो, एवढंच बघतो.

आता एक माणूस सांगतो. सहा वर्षांपूर्वी एक काकू त्यांच्या यजमानांना घेऊन आल्या. काकांना पक्षाघात झाला होता, उजवा हात लुळा, बोलणं जवळपास गेलेलं. काहीही विचारलं तरी "हो" आणि "तेच ते", एवढंच. काकू म्हणाल्या, घरात दोघंच असतो, नुसते ऐकत बसतील. दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी सगळ्यांच्या पाठातला एक अभंग सुरू होता. धृपद फिरून आलं आणि काकांच्या तोंडून शब्द निघाले. अर्धवट नव्हेत, अख्खी ओळ, जोडाक्षरासकट. काकूंच्या टाळ्या थांबल्या आणि त्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पेटी थांबवली नाही. थांबवली असती तर काका बुजले असते. तेच धृपद आम्ही सात-आठ वेळा घेतलं. गाणं संपल्यावर चहा आला, तेव्हा "चहा" हा शब्द मात्र त्यांना काढता येईना.

याला कारण आहे. बोलण्याची मुख्य केंद्रं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. सूर, लय आणि वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं पाठांतर यांत उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. डावीकडे इजा झालेल्या माणसाला कधीकधी बोलता येत नाही, पण गाता येतं. बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी १९७३ मध्ये यावरच बेतलेली उपचारपद्धती मांडली. साधी वाक्यं सुरात म्हणायची, डाव्या हातानं ठेका द्यायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. आम्ही त्या काकूंना वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जायला सांगितलं. वर्षभरानं काका "पाणी दे", "पुरे", "बाहेर जाऊ" असं लयीत म्हणायला लागले. पूर्ण बोलणं आलं नाही, आणि तसं सांगून मी तुम्हाला भुलवणार नाही.

पण मला सांगायचंय ते पुढचं. टाळाला दोन हात लागतात, चिपळ्यांना एक पुरतो. काकांच्या डाव्या हातात आम्ही चिपळ्या दिल्या. लय त्यांच्या अंगातच होती. आमच्या बायका द्रुतात गेल्या की पळायला लागतात, काका त्यांना धरून ठेवतात. ज्या बुधवारी ते येत नाहीत त्या दिवशी भजन धावतं, हे सगळ्यांना कळतं आणि संध्याकाळी काकूंना चार फोन जातात. अकरा वर्षांत मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच आहे. आपण आलो नाही तर कुणाचं तरी अडतं, हे माणसाला कळलं की तो औषध वेळेवर घेतो, अंघोळ उरकतो, डोळे तपासून घेतो. आईंना करमणूक देऊ नका, काम द्या. टाळ वाटायचे, वही सांभाळायची, गजराचा क्रम लावायचा, काहीही चालेल. पण ते त्यांचं असलं पाहिजे.

म्हणूनच ऑनलाइन क्लासला माझं मन होत नाही. ज्यांना घराबाहेर पडणंच शक्य नाही त्यांच्यासाठी तो ठीक, आणि करोनाच्या काळात आम्हीही तेच केलं. पण त्यात सगळ्यांना एकत्र गाता येत नाही, आवाज मागेपुढे पोचतो, म्हणून बाकीच्यांना माइक बंद ठेवावा लागतो. आईंना घरात एकटीनं गावं लागेल, आणि एकटेपणा तर त्यांच्याकडे आधीच आहे. कराओकेबद्दलही माझं मत थोडं तसंच. हौशी मंडळींना त्यात आनंद मिळतो, मिळू दे. पण पाच मिनिटं गायची आणि दोन तास मोठ्या स्पीकरसमोर पाळीची वाट बघत बसायचं, हे पंच्याहत्तरीच्या कानांना सोसत नाही.

"मला नाही जमत" याच्या मागे काय आहे ते मात्र शोधा. बहुतेक वेळा मन नसतं असं नाही, काहीतरी बारीक अडचण असते आणि ती सांगायला लाज वाटते.

पहिली अडचण पट्टीची, म्हणजे पेटीवरच्या ज्या स्वराला सा धरून गायचं त्याची. वय वाढतं तसा बायकांचा आवाज खाली उतरतो. जन्मभर पांढरी पाचमध्ये गायलेल्या बाईला त्याच पट्टीत वरचा सा लागत नाही, आवाज फाटतो, शेजारची वळून बघते, आणि बाई पुढच्या खेपेला येत नाही. आमच्याकडे एक आजी "माझा गळा गेला" म्हणून दोन महिने तोंड मिटून बसायच्या. एक दिवस पेटी बंद ठेवून मी त्यांना म्हटलं, भाजी निवडताना गुणगुणता तसं म्हणून दाखवा. त्यांनी दोन ओळी म्हटल्या, मी हळूच स्वर शोधला तर तो काळी दोन निघाला, म्हणजे पांढरी पाचपेक्षा बराच खालचा. त्या पट्टीत त्यांनी अख्खा अभंग म्हटला, आलापासकट. गळा कुठेच गेला नव्हता. आता आम्ही सगळंच भजन खालच्या पट्टीत घेतो, पुरुषांनाही सोयीचं पडतं.

दुसरं ऐकणं. श्रवणयंत्र बोलण्यासाठी बेतलेलं असतं, पेटी-टाळांचा आवाज त्यातून पुष्कळदा कर्कश किंवा थरथरता येतो. यंत्र बसवणाऱ्याला संगीतासाठी वेगळं सेटिंग करून द्यायला सांगा, बऱ्याच यंत्रांत तशी सोय असते. यंत्र लावत नसतील तर कान तपासून घ्या. ऐकू न आलेलं नाव आपण "विसरली" म्हणून धरतो, असंही होतं.

तिसरं बसणं. सतरंजीवर बसून उठता येत नाही, एवढ्याच कारणानं भजन सोडलेल्या किती बायका मी सांगू. चार खुर्च्या ठेवायला लावा, आणि त्या मागे कोपऱ्यात नकोत, गोलातच हव्यात.

चौथं लिहायला जड जातं. नवरा गेल्यावर अजूनही अनेक घरांत बाई हळदीकुंकवातून, मंगळागौरीतून आपणहून मागे सरते, आणि हळूहळू सगळ्याच बोलावण्यांतून. भजनात हा भेद नाही, पण हे तिला मुलानं सांगून पटत नाही. मंडळातल्या एखादीनं दारात येऊन "उद्या चारला मी न्यायला येते" म्हणायला हवं. त्यांच्या जुन्या मैत्रिणींपैकी कुणाला तरी तुम्ही आजच फोन करा.

गाण्यात मन रमत नसेल तर दुसरं बघा. अभिवाचनाचा गट फार चांगला, पाठांतर लागत नाही, कागद हातात असतो, त्यामुळे विसरायची धास्ती नसते. गोधडी शिवणाऱ्या बायका एकत्र बसतात तिथे बोटं, डोळे आणि तोंड तिन्ही चालू असतं. जर्मनीत २८ निवृत्त लोकांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात निम्म्यांनी दहा आठवडे स्वतः चित्रं काढली, निम्म्यांनी संग्रहालयातल्या चित्रांवर चर्चा केली. मेंदूच्या भागांमधला समन्वय आणि मनाचा कणखरपणा, दोन्ही चित्रं काढणाऱ्यांत वाढलेलं दिसलं. गट लहान होता, पण "स्वतः करा" हे माझं म्हणणं त्याच्याशी जुळतं. नाचाचंही तसंच. पुण्यात हृषिकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेतले. त्या आजारात पाय जमिनीला खिळतो आणि बाहेरून मिळालेल्या ठेक्यानं तो पुष्कळदा सुटतो. आमच्या गटातले एक गृहस्थ दारात अडकले की शेजारचे टाळ वाजवतात आणि ते पावलीसारखं पाऊल उचलून आत येतात. आईंना मात्र फुगडी नको. हाडं ठिसूळ असतील तर एक पडणं फार महाग पडतं. झिम्मा खुर्चीत बसूनही छान होतो.

हे सगळं करण्याआधी एक काम. नावं विसरणं सुरू झालंय तर फिजिशियनला दाखवा. बी-१२, थायरॉइड, कान आणि मनाची उदासी यांपैकी काही असेल तर त्यावर उपाय आहेत, आणि ते राहून गेले तर भजनानं भरून निघणार नाहीत.

पहिले तीन-चार आठवडे तुम्ही बरोबर जा, पण त्यांच्या शेजारी बसू नका, मागे बसा. घरी आल्यावर "कसं वाटलं" विचारण्यापेक्षा "आज कुठला अभंग घेतला" विचारा. आणि आज संध्याकाळी टीव्ही बंद असताना त्या काही गुणगुणल्या तर मोबाइलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करून इथे टाका. त्यांची पट्टी मी काढून देतो, म्हणजे मंडळातल्या पेटीवाल्यांना आधीच सांगून ठेवता येईल.