नोट चमकली म्हणजे खोटी का?

प्रश्न : महाड तालुक्यात माझं किराणा दुकान आहे. नोटा तपासायच्या यंत्रातल्या जांभळ्या ट्यूबखाली नोटेचा नंबर चमकतो, कागद मात्र काळपटच राहतो. उलट बिलाचा साधा कागद निळा लखलखतो. परवा पाचशेची एक नोट अख्खी निळसर दिसली, म्हणून मी ती घेतली नाही. गिऱ्हाईक चिडून गेलं. माझं चुकलं का? शिवाय ऑनलाइन मागवलेली स्वस्त यूव्ही टॉर्च सगळंच जांभळं दाखवते. ती बिघडलीय का?
— एक दुकानदार

उत्तर : मी गिऱ्हाइकाची बाजू घेतो. ती नोट बहुधा पँटच्या खिशात राहून धुण्यात गेली असावी.

कपडे धुण्याच्या बऱ्याच पावडरींत कपडा शुभ्र दिसावा म्हणून एक रसायन घालतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील (यूव्ही) किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. बिलाच्या पांढऱ्या कागदातही तसलंच रसायन असतं. नोटेचा कागद कापसाच्या धाग्यांचा, आणि त्यात ते मुद्दाम घालत नाहीत. म्हणून तो काळपट राहतो, आणि नंबराची खास शाई तेवढी उठून दिसते. पण नोट साबणाच्या पाण्यात बुडाली की ते रसायन कागदात मुरतं आणि खरी नोटही उजळते. तेव्हा नुसत्या निळ्या झाकेवर निकाल देऊ नका. नोट तिरकी करून पाहा : पाचशेच्या नोटेतली सुरक्षा पट्टी हिरव्याची निळी होते. गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, छपाई उठावाची लागते. उजेडाकडे धरून जलचिन्ह बघा. एवढं जुळलं तर नोट घ्या.

आता ट्यूबचं. तिच्यात पाऱ्याची वाफ असते. विजेने ती अतिनील किरण सोडते. आतला लेप त्यांची तरंगलांबी (लाटेची लांबी) सुमारे 368 नॅनोमीटरवर आणतो; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; आणि बाहेरची काळपट जांभळी काच दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते. असली काच अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1903च्या सुमारास बनवली. तुम्हाला दिसतो तो त्यातून निसटलेला थोडासा जांभळा. काम करणारे किरण दिसतच नाहीत. पदार्थ ते शोषतो, थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतो आणि उरलेली कमी ऊर्जेचा, म्हणजे दिसणारा, प्रकाश म्हणून परत देतो. मी शाळेत हे टॉनिक वॉटर, म्हणजे दारूत मिसळतात ते कडवट पेय, वापरून दाखवायचो. त्यातलं क्विनीन हे कडू द्रव्य सुरेख निळं चमकतं. टेबलावर ती बाटली पाहून मुख्याध्यापकांच्या भुवया वर जायच्या, ते सोडा. तुम्ही दुकानातली हळद थोड्या तेलात कालवून ट्यूबखाली पाहा, पिवळसर हिरवी दिसेल. त्यावरून भेसळ मात्र ठरवू नका.

टॉर्च बिघडलेली नाही, स्वस्त आहे. तसल्या टॉर्च बहुतेक 395 नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा बराच उजेड जांभळा म्हणून दिसतो आणि फिकी चमक त्यात बुडून जाते. नोटांसाठी 365ची, पुढे काळी काच असलेली घ्या.

जुनी टाकू नका, तुमच्याकडे तिला चांगलं काम आहे. विंचू या उजेडात हिरवट निळा चमकतो, 395च्या टॉर्चनेही. कोकणातला लाल विंचू किती घातकी, हे तुम्हा महाडकरांना मी काय सांगायचं! त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध तुमच्याच डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रूढ केलं. रात्री लाकडं किंवा चिरे हलवण्याआधी एकदा टॉर्च फिरवा. तरी हात घालताना जपूनच, कारण नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, आणि फटीत बसलेल्यापर्यंत उजेड पोचत नाही.

टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारू नका, पोरांच्या हाती तर देऊच नका. 365चा उजेड फारसा दिसत नसल्याने डोळ्याची बाहुली आकसत नाही आणि किरण थेट आत जातात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली यूव्ही ट्यूब वेगळी, 254 नॅनोमीटरची. ती जंतू मारते, डोळे आणि कातडीही भाजते. ती उघडून पेटवून बघायचा मोह टाळा.