टू-व्हील पिकअप आणि काळी माती

भाऊ, टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना इंजिनाची ओढ असलेली पिकअप आपल्या नाशिककडच्या कच्च्या रस्त्यांवर चालेल, की चारही चाकांना ओढ असलेली फोर-व्हील घ्यावी, असं विचारलंस. टू-व्हील उन्हाळ्यात खुशाल ने. पेठ-हरसूलकडचे मुरमाचे रस्ते या गाडीला जड नाहीत, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दणकट असतात. खरी परीक्षा पावसाळ्यात, निफाडच्या काळ्या जमिनीत. ती माती टायरच्या नक्षीत भरली की नवा टायरही गोटा झालेल्या टायरसारखाच घसरतो.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपची ओढ मागच्या चाकांवर, आणि हौदा रिकामा असला की मागे वजनच नसतं. म्हणून मागच्या ॲक्सलवर येतील अशा वाळूच्या चार-पाच गोण्या टाक, नीट बांधून. साध्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना ओढ वाटून देणारा गिअरसंच) एक चाक घसरलं की तेच गरगर फिरतं, दुसरं जागचं हलत नाही. तिथे रेस देत बसलास तर गाडी मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगपर्यंत (ॲक्सलवरच्या लोखंडी कवचापर्यंत) चिखलात बसलीच समज! त्यापेक्षा खाली उतर, चाकापुढचा चिखल फावड्याने काढ, दगड नाहीतर पोतं घाल आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोड. टायरची हवा थोडी कमी केली तरी पकड वाढते. मात्र माल भरण्याआधी आणि डांबरीवर जाण्याआधी ती परत भर.

फोर-व्हीलसाठी जादा पैसे? द्राक्षाचा हंगाम कोरडाच असतो, त्यासाठी नको. पण इगतपुरी-त्र्यंबककडच्या कच्च्या चढांवर भर पावसात नेहमी जायचं असेल, तर घे. नाहीतर गाडी डांबरीवर लाव आणि पुढचा माल ट्रॅक्टरने आण, आमच्याकडे बरेच जण तेच करतात.